मागितले मूठभर, आले पोतेभर

पावसाळ्याच्या ऐन भरात कोल्हापूरकरांचे लक्ष एका आकड्यावर खिळलेले असते, आणि तो आकडा म्हणजे राजाराम बंधाऱ्यापाशी मोजली जाणारी पंचगंगेची पाणीपातळी. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे शहरातल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि २०२१ च्या जुलैमध्ये ५६ फुटांपर्यंत चढले, तेव्हापासून तर पातळी इंचाइंचाने वाढत असतानाही घरोघरी रात्र जागून ती मोबाईलवर पाहिली जाते. मंगळवार पेठेतील एखाद्या कुटुंबाचे सगेसोयरे प्रयाग चिखलीत किंवा आंबेवाडीत असतील, तर जनावरे कधी सोडायची, धान्याची पोती माळ्यावर कधी चढवायची आणि घराला कुलूप कधी घालायचे, हे सारे याच आकड्यावरून ठरते. हा आकडा, मोजणीचे ठिकाण, तारीख आणि वेळ एवढे सगळे मराठीत लिहिले, तरी संगणकाच्या मोजमापात ते सव्वाशे बाईटांच्या आत बसते. बाईट हे माहितीच्या साठवणीचे लहान माप असून रोमन लिपीतील एका अक्षराला साधारणपणे एक बाईट लागतो. मात्र हा आकडा ज्या वेब पानावर झळकतो, ते पान बेफिकिरीने रचलेले असेल, तर सव्वाशे बाईटांच्या मजकुरासाठी मोबाईलला लाखो बाईट उतरवून घ्यावे लागतात, आणि वीज गेलेली, टॉवरवर ताण आलेला, बॅटरी संपत आलेली अशा वेळी पडद्यावर नुसते गोल चक्र फिरत राहते.

या दोषाला संगणक व्यावसायिक ‘ओव्हरफेचिंग’ म्हणतात, म्हणजे गरजेपेक्षा जास्त डेटा मागवणे. तो समजून घेण्यासाठी वेब ॲप्लिकेशनची रचना थोडक्यात पाहावी लागते. वापरणाऱ्याच्या हातात मोबाईल असतो आणि त्यातील ब्राउझर हा पाने दाखवणारा प्रोग्रॅम दूरवरच्या सर्व्हरकडे, म्हणजे मागणीनुसार माहिती पुरवणाऱ्या संगणकाकडे, विनंती पाठवतो. सर्व्हर आपल्या डेटाबेसमधून, म्हणजे तक्त्यांच्या रूपात नीट लावून ठेवलेल्या माहितीच्या कोठारातून, हवे ते शोधतो आणि ठरलेल्या साच्यात बांधून परत धाडतो. ब्राउझरने काय मागायचे आणि सर्व्हरने काय द्यायचे याच्या या कराराला ‘एपीआय’ म्हणतात, आणि उत्तर बांधण्याचा आज सर्वाधिक रूढ असलेला साचा ‘जेसन’ या नावाने ओळखला जातो. कोठारातून काढणे, वाटेने वाहून नेणे आणि मोबाईलमध्ये उलगडणे असे हे तीन टप्पे असून जास्तीच्या डेटाचा भार तिन्ही टप्प्यांवर पडतो; मात्र प्रत्येक टप्प्यावर तो वेगळ्या रीतीने पडतो, आणि म्हणूनच दोष एक असूनही त्याची लक्षणे अनेक दिसतात.

कोल्हापूरच्याच ओळखीचे एक कल्पित उदाहरण घेतले, तर या भाराचे आकडे डोळ्यांसमोर येतात. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम सुरू आहे, पाटाकडील, बालगोपाल, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस अशा संघांचे सामने रंगले आहेत, आणि ज्यांना मैदानावर जाता आले नाही त्यांच्यासाठी कोणी हौशी प्रोग्रॅमरने स्कोअर दाखवणारे वेब पान तयार केले आहे, असे समजावे. पानावर दिसायला हवे ते एवढेच, की कोणत्या संघाचे किती गोल झाले आणि सामन्याचे कितवे मिनिट चालू आहे. हा मजकूर पन्नासेक बाईटांचा आहे. परंतु पान तयार करणाऱ्याने सोय म्हणून ‘सामना’ या नावाखाली जे काही साठवलेले आहे ते सगळेच पाठवण्याची व्यवस्था केली, आणि त्यात दोन्ही संघांच्या मिळून ४० खेळाडूंची नावे, जन्मतारखा, मोबाईल क्रमांक, मागील हंगामांची कामगिरी आणि छायाचित्रेही आली. छायाचित्र जेसनच्या साच्यात थेट कोंबायचे, तर ते आधी अक्षरांत रूपांतरित करावे लागते आणि त्या रूपांतरात त्याचा आकार एक तृतीयांशाने वाढतो. म्हणजे ३० हजार बाईटांचे छायाचित्र ४० हजारांचे होते आणि ४० खेळाडूंची छायाचित्रे मिळून १६ लाख बाईट, म्हणजेच १.६ एमबी भरतात. स्कोअर ताजा राहावा म्हणून पान दर दहा सेकंदांनी सर्व्हरकडे पुन्हा विचारणा करते. दीड तासात अशा ५४० विचारणा होतात, त्यामुळे एका प्रेक्षकाच्या मोबाईलवर ८६४ एमबी डेटा उतरतो, म्हणजे दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर त्याचा निम्म्याहून अधिक भाग एका सामन्यात संपतो. नुसता स्कोअर मागवला असता, तर विनंत्यांचा वरखर्च सोडून हेच काम २७ हजार बाईटांत झाले असते.

सर्व्हरच्या बाजूने पाहिले, तर चित्र याहून गंभीर आहे. एका वेळी हजार जण हे पान उघडून बसले, तर दर सेकंदाला १०० विनंत्या येतात आणि प्रत्येकीला १.६ एमबी या हिशेबाने सेकंदाला १६० एमबी बाहेर पाठवावे लागतात. एक गिगाबिटच्या जोडणीतूनही एवढा प्रवाह मावत नाही. त्यामुळे विनंत्या रांगेत साचतात, रांग वाढली की उत्तरे उशिरा जातात, उत्तर आले नाही म्हणून माणसे पान पुन्हापुन्हा ताजे करतात आणि प्रत्येक वेळी ताजे केल्याने रांगेत आणखी एक विनंती उभी राहते. एवढ्या मोठ्या कोंडीमागे मूळ गरज सेकंदाला पाच हजार बाईटांची होती. अशा वेळी मोठा सर्व्हर भाड्याने घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो बहुतेकदा चुकीचा असतो, कारण त्याने दर महिन्याचे बिल वाढते आणि जास्तीचा डेटा आहे तसाच राहतो.

वाटेवर होणारा खोळंबा समजायला थोडे खोलात जावे लागते. इंटरनेटवर माहिती सलग धारेने वाहत नाही. ती सुमारे दीड हजार बाईटांच्या पाकिटांत तुकडे करून पाठवली जाते. पाठवणाऱ्याला वाट किती रुंद आहे हे आधी ठाऊक नसते, म्हणून तो सुरुवातीला थोडी पाकिटे सोडतो, ती पोहोचल्याची पोच आली की दुप्पट सोडतो, पुन्हा पोच आली की त्याच्या दुप्पट. ही सावध रीत १९८६ साली अमेरिकेत झालेल्या एका कोंडीतून शिकलेली आहे; कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचे बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर चारशे यार्डांचे होते, तरी त्यांच्यामधील जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला, आणि त्यावर अभ्यास करून व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये कोंडी टाळण्याच्या पद्धती मांडल्या. पहिल्या खेपेत दहा पाकिटे सोडावीत अशी शिफारस २०१३ साली झाली आणि आज ती सर्वत्र रूढ आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा, की जे उत्तर साडेचौदा हजार बाईटांच्या आत आहे ते एकाच खेपेत पोहोचते. दोन लाख बाईटांच्या उत्तराला चार खेपा लागतात, आणि वरच्या उदाहरणातील १६ लाखांच्या उत्तराला, एकही पाकीट वाटेत हरवले नाही असे धरले तरी, सात. मोबाईलच्या जोडणीवर एका खेपेला दशांश सेकंद लागला, तर हा फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो. पाकिटे हरवू लागली की मात्र पाठवणारा वेग कमी करतो, हरवलेले पुन्हा पाठवतो आणि सेकंदांचा हिशेब मिनिटांवर जातो. जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींआड मोबाईलची रेंज क्षीण होते आणि एका टॉवरची क्षमता त्याच्या टापूतील सर्व फोनांमध्ये वाटली जाते. त्यामुळे मिरजकर तिकटीसारख्या गजबजलेल्या जागी संध्याकाळी, किंवा मैदान भरलेले असताना, हरवणाऱ्या पाकिटांची संख्या वाढणे स्वाभाविक आहे. जितकी पाकिटे जास्त, तितकी त्यांतील एखादे हरवण्याची शक्यता जास्त, एवढा साधा हिशेब यामागे आहे.

मराठीत माहिती देणाऱ्या पानांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते, आणि तिच्याकडे अभ्यासूंचेही पुरेसे लक्ष जात नाही. संगणकावर जगातील सर्व लिप्या साठवण्यासाठी आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ‘यूटीएफ-८’ या पद्धतीत रोमन अक्षराला एक बाईट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन, आणि येथे घटक म्हणजे अक्षरच नव्हे, त्याचा काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्तही स्वतंत्र मोजला जातो. ‘मंगळवार पेठ’ हे नाव रोमन लिपीत १४ बाईटांत लिहून होते. देवनागरीत त्याचे दहा घटक होतात आणि मधली मोकळी जागा धरून ते ३१ बाईट घेते. काही सर्व्हर जुन्या सवयीने देवनागरीचा प्रत्येक घटक सहा रोमन चिन्हांच्या सांकेतिक रूपात बदलून पाठवतात, तेव्हा हेच नाव ६१ बाईटांचे होते. यावरून मराठी पाने रोमन लिपीत लिहावीत असा निष्कर्ष काढणे सर्वथा गैर ठरेल. पाठवण्यापूर्वी मजकूर दाबून लहान करण्याची ‘जीझिप’सारखी तंत्रे पुन्हापुन्हा येणारे बाईट फार चांगले आवळतात आणि देवनागरीत तशी पुनरावृत्ती भरपूर असते, त्यामुळे हा तोटा वाटेवर बराचसा भरून निघतो. परंतु दाबलेला मजकूर मोबाईलमध्ये पोहोचल्यावर पुन्हा पूर्ण आकाराला उलगडावाच लागतो, म्हणून ज्या मराठी पानावर अनावश्यक मजकूर येतो तेथे त्याची किंमत जास्त पडते.

हा उलगडण्याचा टप्पा बहुधा विचारातच घेतला जात नाही. ब्राउझरमध्ये पानाचा प्रोग्रॅम चालवणे, आलेला जेसन वाचून त्याची स्मृतीत मांडणी करणे, पडदा रंगवणे आणि बोटाच्या स्पर्शाला प्रतिसाद देणे ही कामे मुख्यतः एकाच धाग्यावर, म्हणजे एकामागून एक, होतात; मोठा जेसन वाचणे चालू असताना बोट कितीही दाबले तरी पान हलत नाही आणि माणसाला फोन ‘हँग’ झाल्यासारखा वाटतो. छायाचित्रांची गोष्ट याहून वेगळी आणि अधिक जड आहे. आडवी ४,००० आणि उभी ३,००० बिंदूंची प्रतिमा फाईल म्हणून दोन-तीन एमबींची दिसते, परंतु पडद्यावर दाखवण्यासाठी ती उलगडली की एक कोटी वीस लाख बिंदू आणि प्रत्येकाला चार बाईट या हिशेबाने ४८ एमबी स्मृती अडवते. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत दाखवायच्या चित्रासाठी एवढी प्रतिमा मागवणे, हे ओव्हरफेचिंगचे सर्वांत सामान्य आणि सर्वांत सहज टाळता येण्याजोगे रूप आहे, कारण सर्व्हरवर लहान आकाराची प्रत एकदा तयार करून ठेवली की काम भागते.

आता कोठाराकडे वळावे. डेटाबेसची आजची रूढ कल्पना आयबीएममधील गणितज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. माहिती तक्त्यांत ठेवावी आणि मागणाऱ्याने ती कोठे व कशी ठेवली आहे याची चिंता न करता फक्त काय हवे ते सांगावे, हा तिचा गाभा. त्या कल्पनेवर उभ्या राहिलेल्या ‘एसक्यूएल’ या भाषेत कोणते रकाने हवेत हे नावे घेऊन सांगण्याची सोय आहे, आणि नावे घ्यायची नसतील तर फुलीसारखे एक चिन्ह टाकून सगळेच रकाने मागण्याचीही आहे. हे दुसरे वाक्य, ज्याला व्यवसायात ‘सिलेक्ट स्टार’ म्हणतात, लिहायला सोपे असल्याने हाताला बसते. तलाठ्याकडे एका गट क्रमांकाचा सातबारा मागायला गेलेल्या शेतकऱ्याच्या पुढ्यात अख्ख्या गावाचे दप्तर आणून ठेवावे, तसा प्रकार त्यातून घडतो. दप्तर आणून ठेवण्याचेही कष्ट असतात: पोस्टग्रेस या प्रसिद्ध डेटाबेसमध्ये माहिती आठ हजार बाईटांच्या पानांत रचलेली असते आणि एखादी नोंद सुमारे दोन हजार बाईटांपेक्षा मोठी झाली, तर तिच्यातील लांबलचक मजकूर वेगळ्या तक्त्यात हलवला जातो, मोजके लहान रकाने मागितले तर त्या दुसऱ्या तक्त्याला हात लावावा लागत नाही, सगळे मागितले की प्रत्येक ओळीसाठी तिकडे फेरी होते. शिवाय मागितलेले मोजके रकाने सूचीतच, म्हणजे ग्रंथाच्या शेवटच्या शब्दसूचीसारख्या यादीतच, असतील तर डेटाबेस मूळ तक्ता न उघडता उत्तर देऊ शकतो, आणि ही सवलत ‘सगळे द्या’ म्हणणाऱ्याला सहसा मिळत नाही.

रकान्यांप्रमाणे ओळींचाही अतिरेक होतो. पानावर वीस नोंदी दाखवायच्या असताना पाच हजार मागवायच्या आणि उरलेल्या मोबाईलमध्ये लपवून ठेवायच्या, ही रीत छोट्या माहितीवर खपून जाते. त्याऐवजी पानापानाने मागण्याची पद्धत चांगली असली, तरी तिच्यातही एक खाच आहे: ‘पहिल्या चार हजार नोंदी सोडून पुढच्या वीस द्या’ असे सांगितले, तर डेटाबेसला त्या चार हजार नोंदी मोजत ओलांडाव्याच लागतात. ‘अमुक नोंदीनंतरच्या वीस द्या’ असे सांगितले तर सूचीच्या आधारे तो थेट तेथे जातो.

उलट दिशेचा दोषही तितकाच खरा आहे. कमी मागायचे या अट्टहासाने आधी ४० खेळाडूंची यादी मागवायची आणि मग प्रत्येकाच्या नावासाठी वेगळी विनंती करायची, तर एकूण ४१ फेऱ्या होतात. एकापाठोपाठ एक आणि प्रत्येकीला दशांश सेकंद धरला तरी चार सेकंद नुसते येण्याजाण्यात जातात. मंगळवार पेठेतून लक्ष्मीपुरीच्या धान्यबाजारात जाऊन चाळीस जिन्नस आणायचे, तर कोणी चाळीस हेलपाटे घालत नाही आणि अख्खे दुकानही घरी आणत नाही. यादी करून एकदा जातो. जाण्यापूर्वी केलेली ही यादी म्हणजेच चांगल्या एपीआयचे तत्त्व होय. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१२ साली मोबाईल ॲपच्या गरजेतून ‘ग्राफक्यूएल’ नावाची मागणीची भाषा तयार केली आणि २०१५ मध्ये ती सर्वांना खुली केली, तिचे मर्म हेच आहे: मागणारा आपल्याला लागणाऱ्या रकान्यांची यादी एकाच विनंतीत पाठवतो आणि उत्तर त्या यादीबरहुकूम येते. मात्र ही भाषा स्वीकारली की प्रश्न संपला, हा समज बरोबर नाही. यादीतील चाळीस जिन्नसांसाठी सर्व्हरने आतल्या आत डेटाबेसकडे चाळीस हेलपाटे घातले, तर खोळंबा फक्त मोबाईलकडून सर्व्हरकडे सरकतो. आणि जे काम साध्या एपीआयमध्ये हवे तेवढेच रकाने ठेवून झाले असते, त्यासाठी नवी यंत्रणा उभारून तिची निगा राखण्याचा भार लहान संस्थेवर पडतो.

साऱ्या देशाने एकाच वेळी एका वेब ॲप्लिकेशनकडे धाव घेतल्याचे अलीकडचे ठळक उदाहरण म्हणजे कोविड लसीकरणाची ‘कोविन’ ही यंत्रणा. १८ वर्षांवरील सर्वांसाठी नोंदणी २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चार वाजता खुली झाली आणि पहिल्याच दिवशी एक कोटीहून अधिक लोकांनी नोंदणी केली. लस मर्यादित होती, केंद्रांवरील जागा काही मिनिटांत भरत होत्या, आणि कोविनचा एपीआय खुला असल्याने देशभरातील तरुण प्रोग्रॅमरांनी जागा रिकामी होताच सूचना देणारे छोटे प्रोग्रॅम लिहिले होते. या एपीआयमध्ये पिनकोडवरून शोधण्याची सोय होती आणि जिल्ह्यावरून शोधण्याचीही. जिल्ह्याची विनंती केली की त्या तारखेपासून सात दिवसांची, जिल्ह्यातील सर्व केंद्रांची माहिती एकत्र येत असे. कोल्हापूर निवडणाऱ्याला शाहूवाडीपासून चंदगडपर्यंत बारा तालुक्यांतील केंद्रे मिळत. हे जास्तीचे होते काय, या प्रश्नाचे उत्तर मागणाऱ्याच्या गरजेवर अवलंबून आहे. शहरात जागा मिळेना म्हणून खेड्यातील केंद्र गाठायला तयार असलेल्या तरुणाला संपूर्ण जिल्हाच हवा होता, तर दुचाकीवर लांब जाऊ न शकणाऱ्या माणसाला घराजवळचा पिनकोड पुरेसा होता, आणि यंत्रणेने दोन्ही वाटा ठेवल्या होत्या हे तिच्या श्रेयाचे आहे.

याच उत्तराची रचना जवळून पाहिली, तर जास्तीचा डेटा कोणत्या वाटेने शिरतो हेही दिसते. प्रत्येक केंद्राच्या नोंदीत त्याचे नाव, तालुका, पिनकोड, वेळ, शुल्काचा प्रकार, नकाशावरील स्थान आणि त्यांबरोबर राज्याचे व जिल्ह्याचे नावही लिहिलेले असे. वास्तविक विनंतीच कोल्हापूर जिल्ह्याची असल्याने ही दोन नावे मागणाऱ्याला आधीच ठाऊक होती. रकान्यांच्या नावांसह आणि अवतरणचिन्हांसह ती दोन नावे प्रत्येक नोंदीत ५४ बाईट घेतात, म्हणजे दोनशे केंद्रे असली तर सुमारे अकरा हजार बाईट नुसते राज्य आणि जिल्हा सांगण्यात जातात. मजकूर दाबून पाठवला की यातील बहुतेक भार हलका होतो हे खरे, तरी सर्व्हरला तो प्रत्येक वेळी रचावा आणि मोबाईलला प्रत्येक वेळी वाचावा लागतोच. याहून मोठा भार एकाच विचारणेच्या पुनरावृत्तीचा होता. सूचना देणारे प्रोग्रॅम काही सेकंदांनी तोच प्रश्न विचारत आणि बहुतेक वेळा तेच उत्तर मिळवत, म्हणून एका पत्त्यावरून पाच मिनिटांत शंभरच विनंत्या करता येतील अशी मर्यादा घालण्यात आली आणि खुल्या एपीआयवरील माहिती साठवून ठेवलेली, अर्ध्या तासापर्यंत जुनी असू शकते, असे जाहीर करण्यात आले. दुसरा निर्णय जागा शोधणाऱ्यांना जाचक वाटला, यात नवल नाही. परंतु तयार उत्तर हाताशी ठेवून तेच सर्वांना देण्याची ही रीत, जिला ‘कॅशिंग’ म्हणतात, नसती तर प्रत्येक विचारणेचा फटका थेट डेटाबेसला बसला असता आणि प्रत्यक्ष नोंदणीचीच वाट अडली असती.

पाणीपातळीच्या आकड्याला तर कॅशिंग अगदी चपखल बसते, कारण नवी मोजणी होईपर्यंत आकडा बदलत नाही. या काळात हजारो लोकांनी विचारले तरी डेटाबेस एकदाही उघडण्याचे कारण नाही. वेबच्या मूळ नियमांत याहून बारीक सोयही आहे: ब्राउझर आपल्याकडील प्रतीची खूण सांगून ‘यानंतर काही बदलले आहे काय’ असे विचारू शकतो, आणि बदल नसेल तर सर्व्हर ३०४ हा क्रमांक देऊन मजकूर न पाठवता मोकळा होतो.

एवढी साधने हाताशी असताना दोष टिकून का राहतो, याचे कारण तंत्रात कमी आणि कामाच्या रीतीत अधिक आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या संगणकावर चाचणीपुरत्या दहा नोंदी असतात, सर्व्हर त्याच संगणकात चालू असतो आणि वाट नावालाही नसते. तेथे सगळे रकाने मागवले काय आणि तीन मागवले काय, फरक दिसत नाही. ‘पुढे कधीतरी लागेल’ म्हणून वाढवलेले रकाने काढण्याचे धाडस नंतर कोणी करत नाही, कारण ते कोठे वापरले जातात हे कोणालाच नक्की माहीत नसते. दोन-तीन वर्षांत दहा नोंदींच्या दहा लाख होतात, पान मंद होते, आणि तोवर मूळ प्रोग्रॅमर दुसऱ्या कामावर गेलेला असतो. मंगळवार पेठेतच असलेले खासबाग कुस्ती मैदान १९१२ साली शाहू महाराजांनी बांधून घेतले, तेव्हा त्याला खोलगट बशीचा आकार दिला गेला, जेणेकरून शेवटच्या रांगेत बसलेल्यालाही आखाड्यातील डाव विनाअडथळा दिसावा. वेब पानाची पारखही शेवटच्या रांगेत बसून, म्हणजे साध्या फोनवर, क्षीण रेंजमध्ये आणि खऱ्या आकाराच्या माहितीवर केली पाहिजे. पहिल्या रांगेतून सगळीच पाने वेगवान दिसतात.

वेगाच्या पलीकडचा एक धोका येथे सांगितलाच पाहिजे. फुटबॉलच्या कल्पित पानावर खेळाडूंचे मोबाईल क्रमांक पडद्यावर दिसत नव्हते, तरी ते प्रत्येक प्रेक्षकाच्या फोनपर्यंत पोहोचत होते, आणि ब्राउझरमधील तपासणीची खिडकी उघडणाऱ्या कोणालाही ते वाचता आले असते. पडद्यावर न दाखवणे आणि न पाठवणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ‘ओवॅस्प’ या संस्थेने २०१९ साली एपीआयच्या दहा प्रमुख धोक्यांची यादी काढली, तिच्यात गरजेपेक्षा जास्त डेटा उघड करण्याचा धोका तिसऱ्या क्रमांकावर होता. आपल्याकडे २०२३ साली झालेल्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यानेही संमती ज्या कारणासाठी दिली त्यास आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती ती मर्यादित धरली आहे.

दोष ओळखण्यासाठी सामान्य वाचकालाही फार मोठी तयारी लागत नाही. संगणकावरील बहुतेक ब्राउझरमध्ये एफ-१२ हे बटण दाबले की तपासणीची खिडकी उघडते आणि तिच्यातील ‘नेटवर्क’ या भागात पानाने किती विनंत्या केल्या, प्रत्येकीत किती बाईट आले आणि किती वेळ गेला, हे ओळीने दिसते. पडद्यावर दिसणारा मजकूर आणि उतरलेल्या बाईटांची बेरीज यांची तुलना केली की बोलायला पुरावा मिळतो. पतसंस्था, शाळा, नगरपालिका, तालीम मंडळे आता आपापली पाने करून घेत आहेत; ती करून घेताना पान देखणे आहे काय याबरोबर ते किती बाईट उतरवते हेही विचारावे आणि उत्तर करारात लिहून घ्यावे. विशेषतः आपत्तीच्या काळात उपयोगी पडणाऱ्या पानांवर सरकत्या चित्रांची माळ, मान्यवरांची छायाचित्रे आणि मागील दहा वर्षांचे तक्ते पहिल्याच उतरणीत येता कामा नयेत; ज्याला ते पाहायचे असतील त्याने बटण दाबून मागवावेत, अशी रचना असावी.

‘राजाराम बंधारा, २५ जुलै, सकाळी ८, ४३ फूट ५ इंच’ हा नमुन्यादाखल लिहिलेला मजकूर ४६ घटकांचा असून यूटीएफ-८ मध्ये तो ११४ बाईट घेतो. मराठीतील एका एसएमएसमध्ये ७० घटक मावतात.